आधी बूट घे, बाकीचं शोधू

प्रिय मित्रा,

एल्क या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीसाठी तू केलेली सामानाची यादी मिळाली. एकोणीस वस्तू आणि खाली दोनदा अधोरेखित केलेली बेरीज, २,७४० डॉलर. शेवटी तुझा प्रश्न, "काका, यात काही राहिलं का?" राहिलं काहीच नाही रे, उलट जास्तच झालंय. मी लाल पेन घेऊन बसलो आणि बारा वस्तूंवर काट मारली. तीन मी तुला देतो. उरल्या चार, त्यातली एकच नवी कोरी घ्यायची. ती तुझ्या यादीत सतराव्या नंबरवर होती, पुढे कंसात "जमल्यास" लिहून. बूट.

पण आधी बंदुकीचं बोलू, म्हणजे यादीतला सगळ्यात मोठा आकडा आपोआप जाईल. तू व्हिसावर आहेस. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, संघीय कायद्यानं व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सवलत मिळते, पण तिचे बारकावे वकिलाकडून समजून घ्यायचे, माझ्याकडून नाही. शिवाय कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा करावा लागतो. तो येत्या हिवाळ्यात उरक. या ऑक्टोबरात मात्र माझ्याबरोबर हमाल म्हणून ये. हसू नकोस. एल्कचा नर तीनशे किलोच्या घरात भरतो. हाडं बाजूला काढली तरी ऐंशी-नव्वद किलो मांस उरतं, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. गोळी झाडायला एक माणूस पुरतो. मांस गाडीपर्यंत आणायला दोघं असलो तरी प्रत्येकी दोन खेपा होतात. हे काम केलेल्याला पुढच्या वर्षी काय विकत घ्यायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

आपण जाणार कोलोरॅडोतल्याच फ्लॅट टॉप्सच्या रानात. तुला आवडेल. वर सपाट पठार, कडेला काळे कातळकडे, आणि तो कातळ आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा, बेसॉल्टचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जुन्नरच्या बाजूला आल्यासारखं वाटलं होतं. साम्य तेवढ्यावरच संपतं. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. आपला तंबू दहा हजार फुटांवर असेल. ऑक्टोबरअखेर तिथे दुपारी शर्टावर फिरशील आणि पहाटे बाटलीतलं पाणी दगड झालेलं असेल. मधल्या वेळात पाऊस, गारा, बर्फ, ज्याला जसं सुचेल तसं.

माझी पहिली खेप तुला सांगितलेली नाही, कारण तीत फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पानापानांची नक्षी असलेलं महागडं जॅकेट घेतलं होतं, तेही क्रेडिट कार्डावर. आत सुती बनियन, खाली जीन्स. दिवसभर चढून घामानं बनियन ओलं झालं, संध्याकाळी गारांचा पाऊस आला, जीन्स मांडीपर्यंत भिजली. पारा शून्याच्या वरच होता, तरी तासाभरात माझी बोटं चेन ओढेनात आणि जीभ जड झाली. बरोबरच्या म्हाताऱ्या रँचवाल्यानं मला तिथल्या तिथे कपडे काढायला लावले आणि आपल्या पाठीवरच्या पोत्यातून भोकं पडलेला लोकरीचा स्वेटर काढून अंगात घातला. तो स्वेटर त्यानं चर्चच्या जुन्या बाजारातून दोन डॉलरला आणलेला. माझं जॅकेट त्याच्या शंभरपटीच्याही वर.

सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही. ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेत राहतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा आत जिरवते, तरी अंगाला गार लागत नाही. हे तुला कुणी परदेशी कंपनीनं शिकवायची गरज नाही. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरामागे उभा असलेला धनगर पाहिला आहेस ना? घोंगडी वरून निथळत असते आणि तो आत निवांत असतो.

तर कपड्यांचं दुकान म्हणजे गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीचं जुन्या कपड्यांचं दुकान. जाताना लेबल वाचायला शीक. "वुल" किंवा "मेरिनो" दिसलं की थांब. बाईमाणसाचा स्वेटर असला, रंग भडक असला, तरी हरकत नाही. अंगालगतचा थर पातळ मेरिनोचा किंवा पॉलिएस्टरचा, व्यायामाला घालतात तो टी-शर्टही चालतो. वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस. पँट लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानातली, युरोपातल्या सैन्यांची जाड लोकरीची. वजनाला जड आहे, टोचतेही, पण झुडपात घासली तरी आवाज करत नाही. स्वस्तातला रेनकोट मात्र खसखस वाजतो आणि फांदीला अडकून फाटतो, म्हणून तो पाऊस आला तरच घालायचा, एरवी पिशवीत. फुगीर जॅकेट एक लागेल, बसून राहायच्या वेळेसाठी. पिसांचं नको, कृत्रिम भरणाचं घे. पिसं भिजली की लगदा होतो. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानातले, कामगार घालतात ते चामड्याचे, आणि आत पातळ लोकरीचे.

त्या नक्षीच्या कपड्यांवर तू ६२० डॉलर धरले आहेस. काट. एक तर रायफलच्या हंगामात कायद्यानंच शिकाऱ्याच्या कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी रंग दिसला पाहिजे आणि डोक्यावरची टोपीही त्याच रंगाची हवी. गुलाबीही चालतो. त्या केशरीवर पानाफुलांची नक्षी असली तर ती चालत नाही, रंग सलग हवा. मग आतल्या पाचोळ्याच्या चित्राचा उपयोग कुणाला? दुसरं, एल्कला आपल्यासारखा तांबडा-केशरी दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून तुझी ती लाडकी निळी टोपी घरी ठेव. त्याला कळते ती हालचाल आणि त्याहून जास्त वास. वारा कुठून कुठे वाहतोय हे बघायला छोट्या बाटलीत कॉर्नफ्लोअर भर आणि चिमूटभर हवेत उडव. वासावरचे स्प्रे आणि साबण तुझ्या यादीतून गेले.

तू बिनबंदुकीचा असलास तरी केशरी बंडी आणि टोपी घालायचीच. पाठीवर पोतं चढलं की बंडीची मागची बाजू झाकली जाते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. पोत्यावर केशरी कापडाचा तुकडा बांध. मांस, शिंगं घेऊन झाडीतून येताना तर दोन बांध.

आता बूट. इथे कंजुषी केलीस तर माझी-तुझी दोस्ती तुटली समज. जुने बूट घ्यायचे नाहीत, कारण चामडं आधीच्या मालकाच्या पावलाला शरण गेलेलं असतं. दुकानात दुपारनंतर जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. रानात घालशील तेच जाड मोजे घालून माप दे. दुकानात उतरती फळी असते तिच्यावरून खाली चाल. अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर वाढव. चढताना टाच उचलली गेली तर तो बूट तुझा नाही, मग त्याच्यावर कितीही सूट असो. गेल्या वर्षीचं मॉडेल असेल तर बिनदिक्कत घे, डोंगराला मॉडेल कळत नाही. आणि आजच घे. ऑक्टोबरला अडीच महिने आहेत, तेवढ्यात रोज कॉलेजला घालून जा. पोरं हसतील. हसू देत.

मोजे तीन जोड, लोकरीचे. व्हरमाँटची डार्न टफ नावाची कंपनी आयुष्यभराची हमी देते, फाटले की बदलून देते. त्यामुळे महाग वाटले तरी तेच शेवटी स्वस्त पडतात.

पोतं, म्हणजे तू जिला बॅकपॅक म्हणतोस ती. तुझ्या यादीतली कार्बनची फ्रेम सुंदर आहे, मीही दुकानात तिच्यावरून हात फिरवून आलोय. पण तुला बाहेरून ॲल्युमिनिअमचा सांगाडा असलेली जुनी सॅक शोधायची आहे. हलक्या सॅकचा काळ आला आणि त्या लोकांच्या गॅरेजमध्ये लटकत राहिल्या. यार्ड सेलमध्ये, म्हणजे लोक अंगणात जुनं सामान विकायला मांडतात तिथे, चाळीस डॉलरच्या वर देऊ नकोस. वरची पिशवी सोडून नुसत्या सांगाड्यावर एल्कची अख्खी मांडी दोरीनं आवळता येते. घेताना एकच परीक्षा: वीस किलो वजन बांध, कमरपट्टा आवळ आणि खांद्याचे पट्टे सैल सोड. ओझं कमरेवर बसलं तर घे, मागे ओढायला लागलं तर ठेव. प्लॅस्टिकच्या कड्या तुटलेल्या असतील तर घासाघीस कर, त्या दीड डॉलरला मिळतात.

मांस भरायच्या पिशव्यांचे तू नव्वद डॉलर लावलेस. त्याऐवजी जुन्या दुकानातून सुती उशांचे अभ्रे आण, मोठे, सात-आठ. मघाशी सुती कापडाला शिव्या घातल्या, आता इथे तेच हवं. हवा आतबाहेर होते, मांस सुकून वर पापुद्रा धरतो, माश्या लांब राहतात. वास नसलेल्या साबणानं धुऊन आण. मांस बिघडतं ते उबेनं, म्हणून कातडं लवकर काढून तुकडे सावलीत टांगायचे असतात. सुरी स्वीडनची मोरा घे. मूठ प्लॅस्टिकची आहे आणि दिसायला काही खास नाही, पण धार उत्तम धरते. दहा इंची रामपुरी यादीत का होती ते विचारत नाही.

झोपायची पिशवी माझी जुनी घेऊन जा. विकत घेशील तेव्हा लक्षात ठेव, लेबलवर कम्फर्ट आणि लिमिट असे तापमानाचे दोन आकडे असतात, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिमिट छापतात. झोप लागते ती कम्फर्टवर. खाली फोमच्या दोन चटया टाकायच्या, कारण रात्री थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. दुर्बीणही माझी आहे. तिसरी वस्तू म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र. ते माझ्याकडे असेल, तुला वेगळं नको. या बाबतीत मी स्वस्त-महाग बघत नाही, कारण फ्लॅट टॉप्सला फोनची रेंज गेली की गेली.

पाण्याची गाळणी स्वस्तातली पोकळ धाग्यांची चालेल, पण एकदा भिजली की ती गोठू देऊ नकोस. आत पाणी गोठलं की धागे चिरतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. रात्री ती मोज्यात गुंडाळून झोपायच्या पिशवीत घ्यायची. मी एकदा बाहेर विसरलो होतो. पुढचे दहा दिवस कसे गेले ते जेवताना सांगण्यासारखं नाही.

जेवणावरून आठवलं. गरम पाणी ओतायच्या पाकिटांवर तू १४० डॉलर धरलेस. दहा हजार फुटांवर पाणी साधारण नव्वद अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ घेऊन जाण्यात अर्थ नाही, गॅस संपेल आणि डाळ कडक राहील. पण पोहे नव्वद अंशांत मऊ होतात, भाजलेल्या बेसनात जिरं-तिखट-मीठ आधीच मिसळून नेलं तर पिठलं पाच मिनिटांत होतं, आणि सातूच्या पिठाला तर चूलच नको. चिक्की खिशात ठेव. म्हातारा रँचवाला आता माझ्याकडे दरवर्षी पिठल्याची पुडी मागतो. त्याला तो कोरियन पदार्थ वाटतो, मी दुरुस्त केलेलं नाही.

आईला काय सांगू, असं तू मागे विचारलं होतंस. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. किती जनावरं मारायची ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७च्या कायद्यानं जंगलांच्या, जनावरांच्या कामाला जातो. हे सगळं तिला पटेलच असं नाही. माझ्या आईला पटलं नव्हतं. तू सध्या एवढंच सांग की काकांबरोबर ट्रेकला जातोय आणि ओझं उचलायचं आहे. खोटं काहीच नाही त्यात.

शनिवारी सकाळी सहाला हॉर्सटूथ डोंगराच्या पायथ्याशी ये. नवे बूट पायात हवेत. सॅक मिळाली नसेल तर कॉलेजची आण, तिच्यात दुधाचे चार रिकामे कॅन पाण्यानं भरून ठेव. प्रत्येकात एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार किलो, चार कॅनचे पंधरा होतात. वर पोचल्यावर पाणी ओतून द्यायचं आणि रिकाम्या कॅननी उतरायचं, गुडघे तुझे अजून नवे आहेत तोवर जप. फोड आले तर कुठे आले ते नीट बघून ठेव, दुकान सोमवारी बूट बदलून देतं.

तुझा,
काका