लेखी दे

लेकी,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. १०२ ताप, खोकला, आणि इन्चार्जचं उत्तर: 'गोळी घे आणि ये, बदलीला रिलीव्हर नाही.' तू विचारतेस, जाऊ का? केमोच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटच्या वॉर्डात नर्स असलेल्या मुलीला हा प्रश्न पडतोच कसा, असा आधी राग आला. गोळीनं ताप उतरतो, खोकला पसरायचा थांबत नाही, हे मी तुला शिकवायचं का? मग आठवलं, मीही गेले होते.

१९९३ साली. सलग तिसरी नाइट, चाळीस खाटांचा वॉर्ड, आम्ही दोघी, त्यात मी तापानं फणफणलेली. इन्सुलिन भरून खाटेपाशी गेले. उशाशी बसलेली बाई म्हणाली, "सिस्टर, यांना शुगर नाही हो." एक खाट चुकले होते मी. त्या बाईचा डोळा लागला असता तर?

आणि मस्टरवर माझी सही. कागदावर वॉर्ड भरलेला. पुढे मेट्रननी जादा माणसं मागितली तर वरून विचारणा आली, हजेरी पूर्ण आहे, मग कमी काय पडतंय? आमच्या तापाची नोंदच कुठे नव्हती. म्हणून सांगते, फोनवर रडू नकोस, लेखी दे. ताप किती, कधीपासून, कोणाला कळवलं, काय उत्तर आलं. व्हॉट्सअॅपवर दे, पण लेखी दे.

रिलीव्हर नाही हा तुझा गुन्हा नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांतच ३० टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी जादा माणसं, धरलेली आहेत, कारण माणसं आजारी पडणारच. ती माणसं नेमायची नाहीत आणि भरपाई तुझ्या अंगातून काढायची!

पगार कापतील म्हणतेस. दीड वर्ष तुझ्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होते आहे ना? आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पहिले दोन दिवस धरत नाहीत, आणि त्यांच्या दवाखान्याचा दाखला लागतो. मग दाखला आण! तुझ्या मार्कशीट हॉस्पिटलकडे अडकल्यात, तेही कळतं. ते नंतर बघू. ताप आज आहे.

तू म्हणशील, मॅडम, तुम्ही इन्चार्ज होतात तेव्हा? हो, डेंग्यूतून नुकत्याच उठलेल्या मुलीला मी स्वतः फोन केला होता, "फक्त आठ तास ये." ५२ पेशंट, जमिनीवर गाद्या, वॉर्डात एकच मुलगी. कोणाला बोलवायचं होतं मी? अजूनही दुसरं काही सुचत नाही. पण रिपोर्ट बुकात 'आजारी असताना बोलावली' असं लिहायला काय लागलं असतं? एक ओळ. ती मी लिहिली नाही.

आज ड्युटीवर जाऊ नकोस. मैत्रिणीवर लोड येईल, खरं आहे. तिलाही सांग, एकटीनं किती पेशंट सांभाळले ते लेखी दे.

अर्ज लिहिलास की पाठवण्याआधी मला फोटो टाक. भाषा मी बघते.

तुझ्या मॅडम