जास्तीचे दहा नॉट

'हवेत असताना काही वाटत नाही, पण धावपट्टी समोर आली की हात आखडतात. पुन्हा विमान चालवणं जमेल का?' लहान विमान उतरवताना अपघात झालेल्या वैमानिकांची ही नेहमीची काळजी.

चाळिशीतल्या एका खासगी परवानाधारकाचंही तेच झालं होतं. सेस्ना 172 हे एका इंजिनाचं लहान विमान, आत एकटेच, वारा जवळजवळ नाही. विमान टेकलं आणि उसळलं. त्यांनी घाबरून योक (नाक वर-खाली करणारा हाताचा दांडा) पुढे दाबला, त्यामुळे नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, आधी आपटलं. पुढच्या उसळीत ते मोडलं आणि प्रोपेलर धावपट्टीवर घासला. अंगावर ओरखडाही नाही. दोन महिने उलटले, तरी तो घासल्याचा आवाज झोपेत यायचा आणि विमानतळाकडे जाणं ते टाळायचे.

पहिल्या महिन्यात झोप मोडणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि ओसरतंही. तेव्हा खोदून खोदून सगळं वदवून घेऊ नये. महिन्यानंतरही हे टिकलं आणि टाळाटाळ वाढली, तर उपचार हवेत.

समुपदेशकाशी बोलताना एक गोष्ट निघाली. उतरताना ते पूर्वीपासून 'असू दे' म्हणून वेग दहा नॉट जास्त ठेवत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर). 65 ऐवजी 75. एवढ्याने विमानाची गतिज ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. मग ते तरंगत राहतं आणि जबरदस्तीने टेकवलं की उसळतं. आता तर त्यांनी 80 ठेवायचं ठरवलं होतं! धास्तीपोटी घेतलेली खबरदारीच विमान आपटवत होती.

म्हणून प्रशिक्षकाला सोबत घेऊन पायऱ्या आखल्या. भीतीला 0 ते 100 गुण द्यायचे आणि आकडा साधारण निम्म्यावर आल्याशिवाय पायरी सोडायची नाही. भीती शिगेला असताना उठून गेलं की ती पक्की होते. आधी इंजिन बंद असलेल्या विमानात नुसतं बसणं, मग टॅक्सी (विमान जमिनीवरच चालवणं), मग प्रशिक्षक उतरवत असताना शेजारी बसणं. त्यानंतर पुरेशा उंचीवर, फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या, पंखांमागच्या पट्ट्या) खाली सोडून, 65 नॉटवर उडणं आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या स्थितीचा, सराव. 65 वर विमान पडत नाही, हे समजावून पटत नाही. हाताला जाणवावं लागतं.

लँडिंगच्या आधी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं, घोटून घेतला: पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद), फ्लॅप 30 अंशांवरून 20 वर, साधारण 60 नॉटवर चढायचं, उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने. इथे एक मेख आहे. भीती वाटली म्हणून गो-अराउंड केला, तर तीही पळवाटच. त्यामुळे कारणं जमिनीवरच ठरवली: 300 फुटांवर वेग पाच नॉटहून जास्त चुकलेला, विमान मध्यरेषेवर नाही, किंवा टेकल्यावर मोठी उसळी. छोटी उसळी असेल तर नाक आहे तिथेच धरायचं, गरजेपुरती पॉवर द्यायची आणि विमान बसू द्यायचं. नाक खाली दाबायचं नाही, कधीच नाही.

आखडलेल्या हातांसाठी दोनच सूचना: योक अंगठा आणि दोन बोटांत धरायचा आणि फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक हळूच उचलताना) नजर नाकासमोर न ठेवता धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची. जवळ पाहिलं की जमीन अंगावर येते आणि हात झटका देतो.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. काही गोळ्यांवर उड्डाणाला मनाई असते. उपचार सुरू असल्याचं वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. एकट्याने कधी उडायचं, हे त्या डॉक्टरांनी आणि प्रशिक्षकाने ठरवायचं, समुपदेशकाने नाही.