नागपुरात कॉम्प्युटरला प्रवेश घेताना

व्हीएनआयटी (नागपूरचं एनआयटी) आणि ट्रिपल आयटी या केंद्रीय इंजिनिअरिंग संस्थांना जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा लागते, प्रवेश जोसामार्फत, म्हणजे अशा संस्थांच्या सामाईक जागावाटपातून. १९६० साली व्हीआरसीई म्हणून सुरू झालेल्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या कोट्यातल्या. हा कोटा घराच्या पत्त्यावर नाही, बारावी कुठल्या राज्यातून पास झालात त्यावर ठरतो. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटकडच्या मुलांची गफलत इथेच होते. २०१६ च्या ट्रिपल आयटीत असा कोटाच नाही, त्यामुळे दोन्हीकडचे कटऑफ शेजारी ठेवून तुलना करू नका.

बाकी कॉलेजांसाठी राज्याची सीईटी परीक्षा आणि कॅप, म्हणजे राज्याची फेऱ्यांमधून होणारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की होते, तुमच्यासाठी पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून ‘बघू तरी’ म्हणून कुठलंही कॉलेज पर्यायांच्या यादीत वर टाकू नका. कॉम्प्युटरऐवजी केमिकल चालणार असेल तर १९४२ चं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) जरूर बघा.