शेण खाल्लं म्हणजे काय हो?

प्रश्न : ताई, मागच्या रविवारी ‘बालक-पालक’ पुन्हा लावला. तेरा वर्षांचा मुलगा कधी शेजारी येऊन बसला, कळलंच नाही. मी रिमोट शोधतेय आणि हा खो खो हसतोय! वयात येणाऱ्या पोरांचं लैंगिक कुतूहल, म्हणजे विषय एवढा अवघड, तरी सिनेमा ओंगळ वाटत नाही. श्रेय लेखनाचं की त्या पोरांचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : रिमोट सापडला नाही ते बरंच झालं. मुळात ही एकांकिका. सिनेमा अंबर हडप आणि गणेश पंडित यांनी लिहिला, दिग्दर्शन रवी जाधवांचं, आला २०१३ मध्ये. संवाद खुसखुशीत आहेत, पण मी माप टाकीन ते पोरांच्या पदरात.

ज्योतीताईने ‘शेण खाल्लं’ म्हणजे नक्की काय केलं, हे शोधायला चार पोरं निघतात. आमच्या गिरगावच्या चाळीतही हा शब्द ऐकू आला की “जा, खाली खेळा” असा हुकूम सुटायचा. आम्ही जिन्यातच थांबायचो. (व्हीसीआर वर्गणी काढून आणायचा, रात्रभरात तीन सिनेमे. तिसऱ्याला निम्मी चाळ घोरत असे.)

तर, विशू, या चौघांना ‘तसलं’ ज्ञान देणारा पोरगा. दुसऱ्या कुणी तो वाया गेलेला पोरगा म्हणून रंगवला असता. प्रथमेश परब त्याचा मास्तर करतो! ज्ञान अर्धवट, आव मात्र हेडमास्तरचा. म्हणून हसू विषयाचं येत नाही, त्या ऐटीचं येतं. आणि भाग्या झालेला मदन देवधर बघा. ‘विहीर’ सिनेमात मृत्यूचा केवढा भार वाहिला होता या मुलाने! इथे तोच चेहरा कुतूहलाने नुसता फुललेला. शाश्वती पिंपळीकरची डॉली, रोहित फाळकेचा अव्या, भाग्यश्री संकपाळची चिऊ, सगळी लाजतात ती खरी लाजतात.

किशोर कदमांचे कदमकाका पोरांना चोर न ठरवता बोलतात. मला तो भाग सगळ्यात आवडतो. आजच्या आईबापांचा भाग मात्र नाही पटला. सुबोध भावे, अमृता सुभाष असूनही तिथे सिनेमा वर्ग घ्यायला लागतो.

बाकी, सिनेमा संपल्यावर मुलाने काही विचारलं का, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.