पीसीच्या केसचे (डब्याचे) फॅन सारखे वरखाली का होतात?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर देवगडला, खाडीला लागूनच. मुलासाठी पीसी असेंबल करून घेतला, पुढे दोन फॅन मागे एक. नुसतं ब्राउजर उघडलं तरी केसचे फॅन भर्रकन आवाज करतात, लगेच गप्प, परत चालू. रात्री झोपमोड होते. दुकानदार म्हणतो फुल स्पीडवर ठेवून द्या. ठेवू का?
- एक वाचक, देवगड

उत्तर: नका ठेवू. फॅन खराब नाहीयेत, ते सीपीयूच्या, म्हणजे आतल्या प्रोसेसर चिपच्या तापमानावर चालतायत, बऱ्याच मदरबोर्डवर तसंच सेट होऊन येतं. आणि सीपीयू साधी विंडो उघडली तरी सेकंदात १०-१५ डिग्री वर जाऊन परत खाली येतो, तेवढ्यात केसमधली हवा काही तापलेली नसते पण फॅन मात्र धावत सुटतात.

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा, असुसच्या बोर्डला क्यू-फॅन, गिगाबाइटला स्मार्ट फॅन नावाने सेटिंग सापडेल. आधी फॅनची पिन बघा. चार पिनी असेल तर पीडब्ल्यूएम मोड (वेग सिग्नलने ठरतो), तीन पिनी असेल तर डीसी (वेग व्होल्टेजने ठरतो), कारण तीन पिनीचा स्पीड व्होल्टेज कमी करूनच उतरतो, तो पीडब्ल्यूएमवर ठेवला तर फुल स्पीडनेच फिरत राहतो, मग खाली कितीही आकडे बदला. मग तापमान सीपीयूऐवजी सिस्टिम किंवा मदरबोर्डचं निवडा आणि स्टेप अप टाइम (फॅनने वेग वाढवायला घ्यायचा वेळ) दिसला तर वाढवा, म्हणजे क्षणभराच्या उडीला फॅन दाद देणार नाही. मुलगा गेम खेळत असेल तर खरी उष्णता ग्राफिक्स कार्डाची, ते तापमान बायोसला बहुतेक दिसत नाही, त्यासाठी विंडोजवर फॅनकंट्रोल हे फुकट सॉफ्टवेअर घ्या.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नेटवरचे फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरवायचा ते आकडे, बरेचदा थंड खोलीतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३-३४ डिग्री, आणि फॅन कितीही पळवला तरी केसमधली हवा खोलीपेक्षा थंड होणार नाही. म्हणून सिस्टिम ४२ डिग्रीपर्यंत ३५ टक्के, ५० ला ६०, ५५ च्या वर फुल, असं लावून बघा. कायम फुल ठेवलंत तर खारी हवा नि तांबडी धूळ तेवढीच जास्त आत ओढली जाणार, पुढची जाळी चोंदणार आणि मग फॅन फिरूनही हवा यायची नाही. जाळी मिरगाच्या आधी काढून धुवा, पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका.

नंतर तासभर गेम चालवून कार्डाचं तापमान बघा, ८० च्या वर जात असेल तर मधला आकडा ६० चा ७० करा.