पाढे तोंडपाठ आहेत, पण ८४ ही सातच्या पटीत येते का, हे मुलीला सांगता येत नाही. विभाज्य संख्या कशा शिकवाव्यात?

तुमची मुलगी 'सात दाही सत्तर'ला थांबते, कारण पाढाच तिथे थांबतो. तिने तो चालीवर पाठ केलाय, त्यामुळे चाल संपली की सातच्या पटीही संपल्या असं तिला वाटणारच. मी लहान मुलांना गणित शिकवते आणि हे जवळजवळ प्रत्येक वर्गात दिसतं.

'विभाज्य' हा शब्द सध्या काढूच नका. कागदाच्या लांब पट्टीवर ० ते १०० लिहा आणि तिला शून्यापासून बोटाने सात-सातच्या उड्या मारू द्या. ७० वर पोचली की विचारा, पुढची उडी कुठे पडेल? ७७ ती सहज सांगेल. मग ८४, ९१, ९८. पट्टी संपते तेव्हा बहुतेक मुलं स्वतःहूनच विचारतात, 'आता?' पुढे पट्टी जोडत राहिलो तरी उड्या संपणार नाहीत, हे तिथे आपोआप कळतं.

आता ८४. तिला भागाकार करायला लावू नका. ८४ म्हणजे ७० आणि १४. सत्तरपर्यंत पूर्ण उड्या, पुढच्या चौदात पूर्ण उड्या, मग ८४ वर उडी पडणारच. सातच्या दोन पटींची बेरीज सातच्याच पटीत येते, आणि वजाबाकीही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात मुलांच्या हाती लागायला हवी ती हीच गोष्ट. एकदा ती लागली की १६१ विचारा. १४० आणि २१ अशी फोड करणारं मूल पाढ्याच्या पलीकडे गेलं म्हणायचं. १०० का नाही, हेही विचारा: ९८ वर उडी पडते, दोन उरतात.

दुसरा खेळ रंगांचा. दहा-दहाच्या ओळींत १ ते १०० लिहा आणि एकेका संख्येच्या पटी रंगवायला द्या. दोनच्या पटींचे उभे पट्टे होतात, पाचच्या पटींचेही. तीनला मात्र तिरप्या रेघा पडतात: ३, १२, २१. इथे घाई करू नका, रेघ तिरपी का झाली ते तिलाच शोधू द्या. (एक घर खाली आणि एक घर डावीकडे म्हणजे ९ ची वाढ, म्हणजेच तीनच्या तीन उड्या.) सातची नक्षी सगळ्यात मजेदार. ७ वरून २८ वर जायचं तर दोन घरं खाली, एक उजवीकडे. बुद्धिबळातला घोडाच तो! १४ वरून ३५, २१ वरून ४२, तीच चाल.

त्याच चौकटीत चारच्या पटी एका रंगात, सहाच्या दुसऱ्या रंगात करा. दोन्ही रंग पहिल्यांदा एकत्र येतात ते १२ वर. लसावि (दोन्ही संख्यांच्या पटीत येणारी सगळ्यात लहान संख्या) म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार असं धरून २४ लिहिणाऱ्या मुलाला हे दाखवलं की वेगळं समजवावं लागत नाही.

विभाज्य आणि विभाजक यांतला गोंधळ शेवटी सोडवा. १२ घ्या. विभाजक सहाच: १, २, ३, ४, ६, १२. विभाज्य संख्या १२, २४, ३६ अशा न संपणाऱ्या. १२ दोन्ही याद्यांत आहे, यावर मुलं हमखास अडतात. अडू द्या, उत्तर त्यांनाच शोधू द्या. शून्याचा प्रश्नही येईलच: सातच्या शून्य उड्या म्हणजे शून्य, म्हणून तीही सातच्या पटीत येते. लसावि काढताना तेवढी ती सोडून द्यायची.

तीन आणि नऊच्या कसोट्या (अंकांची बेरीज वगैरे) नंतर शिकवल्या तरी चालतात. सातच्या कसोटीच्या फंदात तर पडूच नका, फोड करणं त्याहून सोपं आहे. उद्या तिला ७१४ विचारून बघा.