स्वीकारलेली ऑफर नाकारताना

नोकरीची ऑफर लेखी स्वीकारल्यानंतर दुसरीकडून अधिक सोयीची ऑफर आली, तर पहिल्या कंपनीला काय आणि कसे सांगायचे, हा प्रश्न माझ्याकडे येणारे तरुण वारंवार विचारतात. त्यांतील एक अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारा हा अभियंता मूळचा नाशिकचा. रांजणगावच्या एका कंपनीची ऑफर त्याने ईमेलने स्वीकारली होती, राजीनामा देऊन नोटीस पिरियडही सुरू झाला होता, आणि रुजू होण्यास तीन आठवडे उरले असताना नाशिकजवळच्या सिन्नरमधील एका कंपनीकडून फोनवर होकार आला. आईवडिलांजवळ राहता येईल म्हणून सिन्नरलाच जायचे, हे त्याचे ठरले होते. अडले होते ते सांगण्यापाशी. वडील म्हणत होते, शब्द दिला आहेस, निदान महिनाभर तरी जाऊन ये. मित्र म्हणत होते, फोनच उचलू नकोस, त्यांचे ते समजतील. त्याला स्वतःला भीती होती ती कायदेशीर नोटिशीची आणि ‘ब्लॅकलिस्ट’ होण्याची.

प्रथम आम्ही ऑफर लेटर ओळीने वाचले. त्यात बॉण्ड नव्हता आणि जॉइनिंग बोनसही त्याने घेतलेला नव्हता. तसे काही असते, तर मी त्याला आधी वकिलाकडे पाठवले असते. त्या कंपनीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे शेरा पडू शकतो, हे मात्र मी लपवले नाही. एचआरमधील माणसेही त्याच औद्योगिक पट्ट्यात नोकऱ्या बदलत असतात, त्यामुळे कोण कसे वागले हे कानोकानी पोहोचते.

वडिलांचा सल्ला सरळ मनाचा होता, पण आजच्या व्यवहारात तो उलटा पडतो. २०१४ मध्ये सुरू झालेला भविष्य निर्वाह निधीचा १२ अंकी यूएएन (सार्वत्रिक खाते क्रमांक) नोकरी बदलली तरी तोच राहतो, त्यामुळे महिनाभराची नोकरीही सेवेच्या नोंदीत उमटते आणि पुढच्या पडताळणीत तिचा खुलासा द्यावा लागतो. शिवाय महिनाभर शिकून निघून जाणाऱ्यापेक्षा वेळेवर नकार देणारा उमेदवार कंपनीला केव्हाही परवडतो.

गप्प राहण्याचा मार्ग मला सर्वांत वाईट वाटतो. उमेदवार येणार या भरवशावर कंपनी ती जागा भरलेली धरते, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवते, आणि ठरलेल्या दिवशी कोणी आलेच नाही की ती निवड पहिल्यापासून करावी लागते. तीन आठवडे आधी कळले, तर तो दुसरा उमेदवार बहुधा अजून हाताशी असतो.

मी त्याला एकच घाई करू दिली नाही. सिन्नरचे ऑफर लेटर लेखी हाती येईपर्यंत थांबायचे आणि ते आले की त्याच दिवशी कळवायचे, असे आम्ही ठरवले. दरम्यान त्याने ईमेलचा मसुदा आणला, त्यात आजी गंभीर आजारी असल्याचे लिहिले होते. (नोकरीच्या पत्रव्यवहारात आजींना फार वेळा आजारी पाडले जाते.) तो भाग आम्ही काढला. उरली चार वाक्ये: निवडीबद्दल आभार, अमुक तारखेला स्वीकारलेली ऑफर आपण मागे घेत असल्याची स्पष्ट नोंद, घराजवळ संधी मिळाल्याचे खरे कारण आणि झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. नव्या कंपनीचे नाव किंवा पगार सांगण्याचे बंधन नसते, आणि मनात जाण्याचे पक्के असताना तो आकडा दाखवून पहिल्या कंपनीशी घासाघीस करणे मला अप्रामाणिक वाटते.

“सर, ईमेलच पाठवतो, फोन कशाला?” असे त्याने दोनदा विचारले. ज्या एचआर बाईंनी मुलाखतीपासून त्याच्याशी संपर्क ठेवला होता, त्यांना हे आधी त्याच्या तोंडून कळावे, असा माझा आग्रह होता. ज्या कन्सल्टंटमार्फत तो तेथे पोहोचला, त्यालाही लगेच कळवणे आवश्यक होते, कारण त्याची फी बहुतेक वेळा उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. परंतु नकाराचा निरोप त्याच्यावर सोपवून मोकळे होणे योग्य नव्हते.

फोनवर त्या बाई तुटकपणे बोलल्या, ईमेलला मात्र पोच आली आणि ती त्याने जपून ठेवली. कन्सल्टंट अधिक चिडला. तरीही काही दिवसांनी त्यानेच विचारले की या जागेसाठी ओळखीत कोणी आहे का. तेव्हा या मुलाने एका सहकाऱ्याचे नाव सुचवले, तेही त्या सहकाऱ्याची परवानगी घेतल्यानंतर.